पाऊस पडला की विहिरीचं पाणी बिघडतंय? टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकायच्या आधी हे बघा

मृग लागला की माझा फोन वाजायला सुरू होतो. दादा पाणी गढूळ यायलंय, दादा पाण्याला वास यायलाय, दादा टीसीएल टाकली तरी लेकरांचे जुलाब थांबेनात. मी परभणी-हिंगोली भागात मोटारी, पाइपलाइन आणि विहिरींची कामं करतो, चौदा-पंधरा वर्षं झाली, आणि ही एकच तक्रार इतक्यांदा निस्तरलीय की आता फोनवर दोन प्रश्न विचारले की कुठं गडबड आहे ते बरंचसं कळतं. वावरातून खत, शेण, औषध, माती घेऊन वाहणारं पाणी पिण्याच्या विहिरीत नाहीतर बोअरमध्ये शिरतं, एवढाच तो बिघाड. लोक काय करतात, गाळ काढतात, पावडर टाकतात, पंधरा दिवस बरं चालतं आणि पुढच्या मोठ्या पावसाला परत तेच, कारण पाणी ज्या वाटेनं आत आलं ती वाट तशीच उघडी राहते. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतो. गावची विहीर असो, आखाड्यावरचा, म्हणजे शेतातल्या घराजवळचा, बोअर असो नाहीतर वाड्यातला आड, तपासायची रीत तीच.

आधी लक्षणं ओळखा

मोठा पाऊस झाल्यावर काही तासांत नाहीतर दुसऱ्या दिवशी पाणी गढूळ येतं आणि पावसानं उघडीप दिली की निवळतं, असं होत असेल तर वरचं पाणी थेट आत जायलंय. गढूळपणा बारा महिने असेल तर गोष्ट वेगळी, मग मोटार तळाचा गाळ ओढतीय का ते बघा.

श्रावण-भाद्रपदात विहिरीचं पाणी हिरवं पडतं, पाइपाच्या तळाच्या फूटव्हॉल्व्हच्या जाळीला शेवाळ धरतं. खताचं पाणी मुरल्याची ही खूण, शेवाळाला नत्र आणि स्फुरद मिळालं की ते फोफावतं. पाण्यावर हिरवट-निळसर साय धरली आणि कुजका वास सुटला तर ते पाणी माणसालाही नको आणि जनावरालाही नको, काही जातीचं शेवाळ विष सोडतं आणि ते उकळूनही जात नाही.

टीसीएल रोजच्याएवढीच टाकायलात पण ओटी टेस्टला, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायच्या चाचणीला, पिवळा रंग येईना. पाण्यात माती, शेण, पालापाचोळा आला की क्लोरीन त्याच्यावरच खर्ची पडतं, जंतू मारायला उरतच नाही.

फवारणीच्या दिवसांत पाण्याला औषधाचा वास येतो, नाहीतर वर तेलकट तवंग दिसतो. हे लक्षण दिसलं की पुढची एकही तपासणी करत बसू नका, पाणी बंद करा, खाली सांगतो.

आणि शेवटचं लक्षण म्हणजे काहीच लक्षण नसणं. पाणी काचेसारखं स्वच्छ, चव गोड, वास नाही, आणि त्यात नायट्रेट, म्हणजे खताच्या, शेणाच्या नत्रापासून होणारा क्षार, भरलेलं. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. नायट्रेट दिसत नाही, वास येत नाही, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं दूध या पाण्यात कालवून दिलं तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी होते, ओठ, नखं, हातपाय निळसर पडायला लागतात. असं दिसलं तर घरी काही करत बसू नका, १०८ ला फोन करा आणि डॉक्टरला सांगा की बाळाला विहिरीचं पाणी देत होतो.

पहिली तपासणी, फुकटची: बाटली आणि वही

पारदर्शक काचेची बाटली स्वच्छ धुवा, पाऊस पडल्यावर गढूळ पाणी भरा आणि खिडकीत रात्रभर हलवू नका. सकाळी बघा. तळाला पिवळसर-तांबूस, बोटाला खरखरीत लागणारा थर बसला आणि वरचं पाणी निवळलं तर तो मुरूम आहे, म्हणजे विहिरीच्या बाजूची दरड सुटायलीय नाहीतर बोअरमध्ये आतून माती ढासळायलीय. पण सकाळीही पाणी चहा-दुधाच्या रंगाचं राहिलं, दोन दिवसांनीही तळ दिसेना, तर ती वरची काळी माती. काळ्या रानाची चिकणमाती इतकी बारीक असते की ती बसतच नाही, तुरटी फिरवल्याशिवाय निवळत नाही. काळी माती बाटलीत आली याचा अर्थ वावरातलं पाणी सरळ आत आलं, आणि मातीबरोबर खत-औषधही आलंच असणार.

सोबत एक वही ठेवा. पाऊस कधी पडला, पाणी कधी बिघडलं, कधी निवळलं, आजूबाजूच्या रानात खत कधी टाकलं, एवढंच लिहा. पाऊस थांबल्यावर दोन-चार तासांत गढूळ झालं तर वाट उघडी आणि जवळची आहे, कठडा नाहीतर ओटा बघायचा. दीड-दोन दिवसांनी झालं तर पाणी मातीतून, मुरमातून फिरून यायलंय. मी गेल्या गेल्या ही वही मागतो, ज्याच्याकडं असते त्याचं काम अर्ध्या वेळात होतं.

दुसरी तपासणी: पावसातच विहिरीवर जा

हे कुणी करत नाही. सगळे उन्हाळ्यात विहीर बघतात, तेव्हा ती कोरडी ठणठणीत आणि सगळं ठीक दिसतं. भर पावसात, विजा चमकत नसताना, छत्री घेऊन विहिरीभोवती चक्कर मारा आणि पाणी कुठून कुठं वाहतंय ते नुसतं बघत उभं रहा. पाऊस थांबल्यावर तासाभरानं मोठी बॅटरी घ्या, कठड्याला धरून आतली भिंत बघा. पाण्याच्या पातळीच्या वर, भिंतीवर कुठं ओघळ दिसतो का.

जिंतूर रोडच्या एका गावातली गोष्ट सांगतो. विहीर चांगली बांधलेली, कठडा धडधाकट, तीन वर्षांत दोनदा गाळ काढलेला. मी संध्याकाळी पाऊस उघडल्यावर बॅटरी मारली तर वरून साधारण आठ फुटांवर, दोन दगडांच्या सांध्यातून करंगळीएवढी धार चालू. धारेच्या खाली भिंतीवर काळ्या मातीचा पट्टा, तळहाताएवढा रुंद, आणि त्यात हिरवं शेवाळ धरलेलं, म्हणजे धार कैक वर्षांची. वर येऊन त्या बाजूला पाय आपटला तर ओटा पोकळ वाजला. सब्बलीनं सिमेंटचा पापुद्रा उचकला तर खाली घुशीनं पोखरलेलं बीळ, थेट बाजूच्या सोयाबीनच्या सरीपर्यंत गेलेलं. सरीतलं सगळं पाणी त्या बिळातून विहिरीत. दोन वेळा गाळ काढायला जेवढा पैसा गेला त्याच्या दहाव्या हिश्शात ते बीळ खडी-सिमेंट ठासून बंद झालं.

तिसरी: आजूबाजूला काय पडलंय

विहिरीपासून, हापशापासून निदान ५० फूट, म्हणजे १५ मीटर, आत उकिरडा, गोठ्याचं मूत जायची नाली, शौचालयाचा शोषखड्डा असं काही नको. हे अंतर सगळीकडं धरलं जातं, पण आपल्याकडच्या भेगाळ खडकात मी तर म्हणतो जेवढं लांब तेवढं बरं, आणि उताराच्या वरच्या अंगाला तर नकोच. पुष्कळदा लोक युरियाला दोष देतात आणि नायट्रेट येतं उकिरड्यातून. पाण्यात नायट्रेटबरोबर जंतूही सापडले तर आधी शेणा-मैल्याकडं बघा. नुसतं नायट्रेट वाढलं, तेही खत टाकल्यावरच्या पावसानंतर, तर रानाकडं बघा. पक्कं सांगता येत नाही, पण कुठून सुरुवात करायची ते कळतं.

खताच्या गोण्या विहिरीवरच्या खोलीत ठेवू नका. मोटारीच्या खोलीत युरियाची फाटकी गोणी ओलीला सुटून पाणी झालेली मी डोळ्यांनी बघितलीय, आणि फरशीचा उतार विहिरीकडंच.

फवारणीचा पंप विहिरीवर, हापशाच्या ओट्यावर धुवायचा नाही म्हणजे नाही. सालगडी दिवसभर फवारून दमलेला असतो, जवळ पाणी दिसलं की तिथंच पंप खळबळतो, त्याला बोलण्यात अर्थ नाही, त्याला सोय करून द्या. वावराच्या कडेला दोनशे लिटरची टाकी ठेवा. औषधाची बाटली तीनदा धुवायची आणि ते धुवण पंपात ओतून पिकावरच फवारायचं, खाली सांडायचं नाही. आणि टाकी भरताना पाइपाचं तोंड पाण्यात बुडवून ठेवू नका, लाइट गेली की पाइप उलटं ओढतो.

चौथी: उलटं ओढणं आणि एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेनं सोडणारा व्हॉल्व्ह

याच्यावर जरा थांबतो, कारण हा बिघाड कुणाच्या डोक्यात येत नाही आणि ठिबक आल्यापासून हा लई वाढलाय.

आखाड्यावर एकच बोअर. त्यातूनच घरचं पाणी, त्यातूनच उसाला, मिरचीला ठिबक. ठिबकच्या लाइनला व्हेंच्युरी लावलेली, शेजारी बादलीत विरघळलेलं खत. मोटार चालू असताना व्हेंच्युरी खत ओढून लाइनीत देते, बरोबर चालतं. आता मधेच लाइट गेली. बोअरमधला उभा पाइप दोनशे-अडीचशे फूट पाण्यानं भरलेला, ते पाणी वजनानं खाली जायला बघतं. सबमर्सिबलच्या डोक्यावर एनआरव्ही असतो खरा, पण रबर झिजलं, खडा अडकला की तो पाणी सोडतो. मग खाली जाणारं पाणी मागचं सगळं ओढून घेतं, लाइनीतलं खतपाणी आणि बादलीत उरलेलं द्रावणसुद्धा. ते जातं सरळ बोअरमध्ये, खडकातून गाळायचा प्रश्नच नाही. पाऊस नसताना, भर हिवाळ्यात नायट्रेट वाढलेलं सापडलं की मी आधी हेच बघतो.

तपासायला पैसा लागत नाही. बादलीत साधं पाणी भरा, आत रेघ मारा, मोटार चालू करून लाइन भरू द्या, मग बंद करा आणि बादलीकडं बघा. मोटार बंद असताना पातळी खाली जायली तर तुमचा बोअर खत पितोय. एका आखाड्यावरच्या मावशी मला म्हणाल्या होत्या, "दादा, रात्री खताची बादली अर्धी असती आणि सकाळी रिकामी, रात्रीतून कोण नेतं?" कोण नेत नव्हतं. त्याच बोअरचं पाणी त्यांच्या माठात होतं.

उपाय: बोअरच्या तोंडाशी, व्हेंच्युरीच्या आधी, चांगला एनआरव्ही बसवा, साइजप्रमाणं काही शे ते हजार-दीड हजारात येतो, आणि दर वर्षी पावसाळ्याआधी खोलून रबर बघा. पण पिण्याचा बोअर असेल तर मी एवढ्यावर समाधान मानत नाही. बोअरचं पाणी आधी टाकीत पडू द्या, पाइपाचं तोंड टाकीतल्या पाण्याच्या वर वीतभर अधांतरी ठेवा, आणि टाकीतून वेगळ्या छोट्या मोटारीनं ठिबकला खत द्या. मधे हवा असली की उलटं ओढायला काही राहतच नाही.

पाचवी: टीसीएल बरोबर पडतीय का

विहिरीतलं पाणी मोजायचा सोपा हिशोब: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं फुटात, आणि त्याला २२ नं गुणा, लिटर येतात. २० फूट व्यास आणि १६ फूट पाणी म्हणजे जवळपास १ लाख ४० हजार लिटर. ताज्या, ३३ टक्के क्लोरीनच्या पावडरला १००० लिटरला अडीच ग्रॅम धरतात, म्हणजे या विहिरीला ३५० ग्रॅम. पावडर कोरडी टाकायची नाही, बादलीत थोड्या पाण्यात कालवून चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी विहिरीत खोलवर सोडायचं. मग निदान एक तास थांबायचं. त्यानंतर गावाच्या शेवटच्या नळावर ओटी टेस्ट करायची, क्लोरीन निदान ०.२ मिलिग्रॅम लिटरला दिसलं पाहिजे. विहिरीजवळच्या नळावर टेस्ट करून काही कळत नाही. पावडरची पिशवी फोडून दोन महिने ओलीत ठेवली असेल तर तिच्यात जीव राहत नाही, मग कितीही टाका.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या: टीसीएल जंतू मारते, नायट्रेटला काही करत नाही. तुरटीही काही करत नाही. उकळल्यानं तर वाढतं, कारण पाणी आटतं आणि नायट्रेट तेवढंच राहतं. बाळाला पाणी चांगलं दहा मिनिटं उकळून द्या म्हणून सांगणारी माणसं प्रेमानंच सांगतात, पण नायट्रेटच्या पाण्यात ते उलटं पडतं.

सहावी: पाणी तपासून घ्या

गावात जलजीवन मिशनचं किट असतं, एफटीके म्हणतात, आणि ते वापरायला गावातल्या महिलांना शिकवलेलं असतं. ग्रामपंचायतीत विचारा, नायट्रेट, क्लोरीन, फ्लोराइड असं बरंच त्यात रंग जुळवून बघता येतं. जंतूंसाठी छोटी बाटली असते, पाणी भरून ठेवायची, एक-दोन दिवसांत काळी पडली तर पाणी दूषित. किटमध्ये गडबड दिसली की प्रयोगशाळेत द्यायचं, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत. नमुना घ्यायच्या आधी मोटार दहा मिनिटं चालू द्या. रासायनिक तपासणीची बाटली त्याच पाण्यानं तीनदा खळबळा, जंतूंची बाटली मात्र प्रयोगशाळेनं दिलेलीच वापरा, ती खळबळायची नाही, तोंडाला हात लावायचा नाही आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा.

रिपोर्टमध्ये नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत पाहिजे, आपलं भारतीय मानक आयएस १०५०० हेच सांगतं आणि त्यात सूट नाही. एक घोटाळा सांगतो, काही रिपोर्टमध्ये आकडा "नत्र" म्हणून लिहितात, तेव्हा मर्यादा १० च्या आसपास होते. आकडा १८ बघून एक जण खूश झाले होते, ते १८ नत्र होतं, म्हणजे नायट्रेट जवळपास ८०. आकड्याच्या शेजारी काय लिहिलंय ते वाचा.

टीडीएसचं मीटर घेऊन फिरणाऱ्यांच्या भरवशावर राहू नका. ते सगळे क्षार मिळून मोजतं. आपल्याकडं विहिरींचा टीडीएस सहाशे-आठशे सहज असतो, त्यात नायट्रेट ३० आहे का १०० ते मीटरला कळत नाही.

वर्षातून तीनदा तपासा: मे महिन्यात, दोन-तीन मोठे पाऊस झाल्यावर, आणि दिवाळीच्या आसपास. खालच्या झऱ्यांतून नायट्रेट सावकाश येतं, त्यामुळं श्रावणात ठीक असलेली विहीर दिवाळीला बिघडलेली सापडते.

सातवी: वावर, धुरा आणि शेजारी

इथून पुढं मजुरी लागते आणि बोलणीही लागतात. युरियाची एक गोणी ४५ किलोची, त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे साडेवीस किलोच्या वर. ते सगळं नायट्रेट होऊन पाण्यात उतरलं तर २० लाख लिटर पाणी ४५ च्या मर्यादेला जाऊन भिडेल. वर हिशोब केलेल्या विहिरी धरल्या तर चौदा. सगळं उतरत नाही, पीक बरंच खातं, काही हवेत जातं, पण एका गोणीत किती ताकद आहे ते यावरून कळतं. आणि ते पाण्यात वाहून जाणारं खत शेतकऱ्याच्याच पैशाचं असतं.

आपल्या रानाची गंमत अशी की चैत्र-वैशाखात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या पावसाचं पाणी मातीतून गाळत बसत नाही, भेगेतून सरळ मुरमात आणि तिथून झऱ्याला. म्हणून भेगा बुजायच्या आधी, ढग भरून आलेत म्हणून घाईनं फेकून दिलेलं खत सगळ्यात आधी विहिरीत येतं. पेरणीबरोबर खत पेरूनच द्या, उघड्यावर फेकू नका. कापसाला युरिया एकदम न देता दोन-तीन हप्त्यांत, कोळपणीच्या आधी देऊन मातीआड करा. मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर दोन दिवस थांबा.

विहिरीच्या वरच्या अंगाला आडवा चर काढा, वावराचं पाणी वळवून लांबून ओढ्याला जाऊ द्या, आणि चराच्या खालच्या बाजूला मातीचा धुरा घाला. चर आणि विहीर यांच्यामधे दहा-पंधरा फुटांचा पट्टा न नांगरता ठेवा, त्यात मारवेल नाहीतर वाळा लावा. गवताचं बूड माती आणि तिला चिकटलेलं स्फुरद अडवतं, मुळं थोडं नत्रही खातात, वर वैरण मिळते ती वेगळी.

वरचं रान दुसऱ्याचं असलं की वाद होतो. माझा अनुभव सांगतो, तक्रार घेऊन जाऊ नका, रिपोर्ट घेऊन जा. मी एका गावात आबांना, वय सत्तरच्या वर, विहिरीवर घेऊन गेलो आणि त्यांच्या सरीतून येणारी धार दाखवली. घटकाभर बघत राहिले आणि म्हणाले, "माझी नातसून हेच पाणी पिती की रे." दोन तासं, म्हणजे पिकाच्या दोन ओळींची जागा, सोडली त्यांनी, स्वतःहून. गावानं त्यांना चर काढायची मजुरी दिली. ते न्याय्यच आहे, पाणी सगळ्यांचं आणि रान एकट्याचं जातं.

आठवी: पुनर्भरणाचा पाइप

पाणी अडवा, विहीर भरा, हे आपल्या भागात गरजेचंच आहे, २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते कुणी विसरलेलं नाही. पण वावराचा ओघळ पाइप टाकून पिण्याच्या विहिरीत नाहीतर बोअरमध्ये सोडला असेल तर तुम्ही खतपाण्याला स्वतःच दार उघडून दिलंय. शोषखड्ड्यात वाळू-गोटे भरलेत म्हणून निर्धास्त होऊ नका, वाळू माती अडवते, विरघळलेलं नायट्रेट आणि औषध तिच्यातून तसंच जातं. पिण्याच्या स्रोतात फक्त पत्र्याचं, स्लॅबचं पाणी सोडा, तेही पहिले एक-दोन पाऊस बाहेर काढून. वावराचं पाणी ओलिताच्या विहिरीला द्या, नाहीतर लांब चर खणून जमिनीत मुरू द्या.

नववी: ओटा, कठडा, बांधकाम

कठडा जमिनीपासून निदान अडीच फूट वर पाहिजे, भोवती निदान एक मीटर सिमेंटचा ओटा, उतार बाहेरच्या बाजूला, सांडपाणी नालीनं लांब. आतलं बांधकाम वरून २० फुटांपर्यंत पाणबंद पाहिजे, म्हणजे वरचं पाणी गाळून खाली आल्याशिवाय आत येणार नाही. उन्हाळ्यात, विहीर खाली असताना सांधे भरून घ्या. ग्रामपंचायतीच्या स्रोताला आरोग्य खात्याचं लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं, त्यातही याच गोष्टी बघतात. लाल कार्ड आलं तर त्याची कारणं लेखी मागून घ्या, त्यातच कामाची यादी असते. हापशाचा ओटा तडकला असेल तर लगेच भरा, तडकीतून गेलेलं पाणी केसिंगच्या, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवलेल्या पाइपाच्या, कडेनं खाली उतरतं.

इथं थांबा आणि माणूस बोलवा

औषधाचा वास, तेलकट तवंग, विहिरीत मेलेले मासे-बेडूक, नाहीतर कुणी पंप धुताना डबा आत पडला: पाणी त्याच मिनिटाला बंद. टाकी, नळ, जनावराचा हौद, सगळं. टीसीएल टाकू नका, उकळू नका, फिल्टर लावून बघू नका. ग्रामपंचायत आणि आरोग्य केंद्राला कळवा, औषधाचा डबा नाहीतर लेबलचा फोटो जपून ठेवा, प्रयोगशाळेला काय शोधायचं ते त्यावरून कळतं. कुणाला मळमळ, घाम, लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक, असं काही झालं तर दवाखाना, तो डबा सोबत घेऊनच.

नायट्रेट ४५ च्या वर आलं तर बाळांसाठी आणि गरोदर बायांसाठी त्या दिवसापासून दुसरं पाणी. घरी आरओ असेल तर तो नायट्रेट कमी करतो, पण मेंब्रेन जुनं झालं की सोडायला लागतो, म्हणून आरओमधून निघालेलं पाणीसुद्धा तपासा. आणि आरओचं टाकाऊ पाणी विहिरीजवळ सोडू नका, त्यात तेच नायट्रेट जास्त दाट झालेलं असतं.

विहिरीत स्वतः उतरू नका. बंद, खोल विहिरीत हवा खराब असते, आत इंजिन लावलं तर धुरानं माणूस आवाज न करता पडतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही पडतो. गाळ काढायचा, सांधे भरायचे तर साहित्य आणि दोर-पट्टे असलेली टोळीच बोलवा.

बोअरचं केसिंग हे माझंही काम नाही. आपल्याकडं केसिंग मुरूम संपून खडक लागेपर्यंतच टाकतात. ते खडकात नीट बसलं नसेल, गंजलं असेल, नाहीतर बाहेरची पोकळी सिमेंटनं भरलीच नसेल तर वरचं पाणी तिथूनच आत पडतं. वरच्या सगळ्या तपासण्या झाल्या, वाट सापडली नाही, आणि तरी पावसानंतर काळी माती येते, तर भूजलवैज्ञानिकाला दाखवा आणि बोअरमध्ये कॅमेरा सोडून बघायला सांगा. दुरुस्त होण्यासारखं असेल तर आत दुसरं केसिंग घालून पोकळी सिमेंटनं भरतात. नसेल तर तो बोअर पिण्याला बंद करून तोंड झाकण लावून पक्कं करा, उघडा सोडलेला बोअर आजूबाजूच्या सगळ्या पाण्याला बिघडवतो, आणि लेकरू पडायची भीती वेगळीच.

दुरुस्ती झाली की लगेच पाणी सुरू करू नका. मोटारीनं विहीर उपसून काढा, टीसीएल द्या, किटवर एकदा आणि प्रयोगशाळेत एकदा बघून घ्या. मग पुढच्या मोठ्या पावसाची वाट बघा आणि त्या रात्री तीच काचेची बाटली परत भरून खिडकीत ठेवा. सकाळी बाटलीच्या पलीकडची वहीवरची अक्षरं वाचता आली तर वाट बंद झाली.